डिझेल शेवटी कुठं दिसलं?

आमच्या आयटीआयच्या मागच्या शेडमध्ये कुणी ट्रॅक्टरचा सेल मारला की तो आवाज भिंतीतून माझ्या खोलीत येतो. इंजिन पकडत नसेल तर सेल जड होत जातो आणि शेवटी नुसता कण्हतो. पूर्वी तो इतका जड होऊच दिला जात नसे. दोनदा घरघर झाली की शेडमधून आरोळी यायची, "थांब बे! ब्याटरीचा जीव घेतो का?" मग शांतता. त्या शांततेत महानवर सर पोरांना पहिला प्रश्न विचारत असणार, हे मला न बघता कळायचं. सरांना जाऊन आता वर्ष होत आलं. अजूनही सेल वाजला की मी वाचता वाचता ओळीवर बोट ठेवते आणि आरोळीची वाट बघते.

त्या शेडची किल्ली माझ्या टेबलाच्या खणात असते. सकाळी मी ती किसनला देते, संध्याकाळी परत घेते. किसन सरांचाच विद्यार्थी. आता तासिका तत्त्वावर तोच डिझेल मेकॅनिकचा ट्रेड शिकवतो. संस्थेच्या सचिवांना ती शेड रिकामी करून हवी आहे. ट्रॅक्टर भंगारात, ट्रेड बंद, आणि तिथे दुसऱ्या कुठल्यातरी कॉलेजचा वर्ग. त्यांचा शिपाई अधूनमधून येऊन विचारतो, "म्याडम, किल्ली हाय का?" मी म्हणते, "आहे. पण देणार नाही." तो बिचारा माझ्याकडे बघत राहतो. मी या संस्थेत रोजगार कौशल्यं शिकवते आणि पुस्तकांची दोन कपाटं सांभाळते. माझा आवाज वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंतही नीट पोचत नाही. असं बोलणं माझं नाही. ते मला सरांकडून आलं, आणि कसं आलं ते सांगायचं तर सरांबद्दलच सांगावं लागेल.

सर उंच, काटक, मानेत थोडे वाकलेले. पाय लांब टाकत पण सावकाश चालायचे. त्यांचे वडील मेंढरं राखायचे; पावसाळा सरला की कळप घेऊन बालाघाटाच्या अंगाने खाली उतरायचे. सरांचं लहानपण त्या वाटांवर गेलं. स्टाफरूममध्ये त्यांच्यासाठी खुर्ची होती, पण ते तिथे फारसे बसत नसत. शेडमध्ये वडिलांचं काळं घोंगडं होतं, ट्रॅक्टरखाली अंथरून त्यावर आडवे व्हायचे. आणि अंगात कायम पांढरा शर्ट. डिझेल, ग्रीस, काजळी यांच्यात दिवसभर वावरणारा माणूस पांढरा शर्ट का घालतो, असं मी एकदा विचारलं.

"डिझेल नळीत असावं म्याडम, न्हाईतर ग्लासात. अंगावर आलं म्हंजी कुनीतरी घाई केली."

"आणि पोरांनी उडवलं तर?"

"तर त्येंनी घाई केली. शर्टावर दिसतं ना. वहीत लिवायची गरज न्हाई."

ग्लास म्हणजे काचेचा, चहाचा. सर डिझेल त्यात धरून उन्हाकडे बघायचे. तळाशी पाणी बसलंय का, कचरा फिरतोय का. त्या ग्लासातून चुकून कुणी चहा पिऊ नये म्हणून त्याच्या काठाला लाल दोरा बांधलेला होता. एकदा तपासणीला आलेल्या पाहुण्यांना नव्या शिपायाने त्याच ग्लासातून चहा दिला. सरांनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाले, "साहेब, ह्यो ग्लास इंजिनाचा हाय. तुमचं इंजिन येगळं." सचिव कितीतरी दिवस ते विसरले नाहीत.

शेडमध्ये एक वाक्य उच्चारायला बंदी होती : पंप गेला. ट्रॅक्टर सुरू होत नाही म्हटल्यावर तालुक्यातला कुठलाही माणूस पहिल्यांदा हेच म्हणतो. डिझेलचा मुख्य पंप म्हणजे सगळ्यात नाजूक आणि महागडा भाग. तो उघडायचा तर शहरात पाठवावा लागतो, आणि शक्यतो तो न उघडलेलाच बरा. सर म्हणायचे, "पंप गेला म्हननारानं आदी मयताचा दाखला आनावा."

त्यांची स्वतःची पद्धत मेंढरं राखण्यातून आली होती, आणि ते ती लपवत नसत. "कळपातलं मेंढरू चुकलं तर डोंगरभर पळत सुटायचं का? न्हाई. शेवटी कुटं दिसलं, ह्ये इचारायचं. तितनं पुढं चालायचं. डिझेलबी तसंच." टाकीतून निघालेलं डिझेल नळीतून फिल्टरला, फिल्टरमधून पंपाला, पंपातून बारीक नळ्यांनी इंजिनात फवारणाऱ्या नोझलपर्यंत जातं. वाटेतल्या प्रत्येक जोडावर थोडं सैल करून बघायचं, इथपर्यंत आलं का? आलं असेल तर पुढचा जोड. नसेल तर चोर मागच्या आणि या जोडाच्या मध्ये. पण त्याच्याही आधी दोन गोष्टी. सेल मारताना धुराड्यातून धूर येतो का? पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत पोचतंय, फक्त पेटत नाही. धूरच नसेल तर डिझेल वाटेतच अडकलंय. आणि सगळ्यांच्या आधीचा प्रश्न : बंद कसा झाला?

हा प्रश्न त्यांना महागात शिकावा लागला होता. नव्या तुकडीला पहिल्या दिवशी ते स्वतःची फजिती सांगत. ते अंबाजोगाईत एका गॅरेजवर शिकत होते. एक ट्रॅक्टर काही केल्या चालू होईना. "म्या दिवसभर सगळी नळी उकलली. फिल्टर धुतला. नट काढले, बसवले. उस्ताद बाजाराला गेलता. आला, सीटवर बसला, इंजिन बंद करायचा खटका भायेर वढलेला व्हता, त्यो एका बोटानं आत दाबला. ट्रॅक्टर चालू. मालकानंच बंद करून ठेवलता, आन् मी त्येचं पोस्टमार्टम करीत बसलतो." पोरं हसायची. सर थांबायचे आणि म्हणायचे, "हसा. म्हंजी ध्यानात राहतं. बंद पडला का बंद केला, ह्ये आदी इचारायचं."

नारायणगडाच्या जत्रेला ते पोरांना घेऊन जायचे. दर्शनाला नाही; रस्त्यावर. गडाच्या चढाला ट्रॉल्या ओढताना ट्रॅक्टर बंद पडतात, आणि सरांच्या मते तेवढी चांगली प्रयोगशाळा संस्थेला बापजन्मात बांधता आली नसती. एका वर्षी मीही गेले होते. चढाच्या खाली तलवाड्याच्या एका किराणा दुकानदाराचा ट्रॅक्टर उभा होता. गळ्यात शिवलिंगाची चांदीची पेटी, कपाळाला भस्म. सगळे त्यांना अप्पा म्हणत होते. ट्रॉलीत महाप्रसादाची पोती होती आणि वर पंगतीची वेळ होत आली होती.

"सर, पंप गेला," अप्पा म्हणाले.

"कुटं गेला?"

"काय?"

"पंप. कुटं गेला म्हंता? मला तर हितंच दिसतोय."

मागची पोरं फिसफिसली. अप्पा चिडले. "मस्करी कावून करता? दोन मिस्त्री बघून गेले. एअर काढली की चालू हुतोय, जरा चालला की पुन्ना बंद."

डिझेलच्या वाटेत हवा शिरली की इंजिन चालत नाही. ती काढून टाकली की चालतं. पण ती पुन्हा पुन्हा येत होती. सरांनी फिल्टरवरचा स्क्रू सैल करायला लावला. एक पोरगा हाताचा छोटा पंप दाबत होता आणि डिझेलबरोबर बुडबुडे येत होते, थांबतच नव्हते. नळ्या बाहेरून मात्र कोरड्या ठणठणीत. कुठे थेंब नाही.

"गळत तर कुटंच न्हाई," अप्पा म्हणाले.

"दुकानदार हाव ना? साबन काढा."

पोत्यांमधून साबणाची वडी निघाली. सरांनी ती पाण्यात भिजवून पोरांना एकेका जोडावर जाड लेप द्यायला लावला आणि प्रत्येक लेपानंतर बुडबुड्यांकडे बघायला लावलं. टाकीखालच्या रबरी नळीच्या टोकाला लेप बसला तसे बुडबुडे थांबले. नळीचं टोक आतून चिरलेलं होतं. डिझेल बाहेर येत नव्हतं, पंपाच्या ओढीने हवा आत जात होती. सरांनी टोक कापून नळी पुन्हा घट्ट बसवायला लावली.

"जे भायेर गळतं त्ये दिसतं. जे आत वढून घेतं त्ये दिसत न्हाई," सर पोरांना म्हणाले.

अप्पांचा राग उतरला होता. ते हात जोडून म्हणाले, "लई खरं बोललात सर. मानसाचंबी असंच असतंय."

"मानसाचं मला म्हाईत न्हाई अप्पा. मी नळीचं बोलतोय."

मला तेव्हा हसू आलं होतं. आता हे लिहिताना वाटतं, सरांचा सगळा स्वभाव त्या उत्तरात होता. कुणी त्यांच्या कामाला मोठा अर्थ लावला की त्यांना ते काम पळवून नेल्यासारखं वाटे.

सचिवांशी त्यांचं जमलं नाही. सचिव वाईट माणूस नाहीत. त्यांना शेड दिसते आणि शेडची जागा दिसते. "महानवर, आता सगळं कॉम्प्युटरवर आलंय. तुमचा खटारा किती दिवस पुजायचा?" असं ते भर बैठकीत म्हणाले तेव्हा सर उभे राहिले. "अण्णा, कॉम्प्युटरला डिझेल लागत न्हाई त्ये बरं हाय. रानात जे चालतंय त्येला लागतं." शेवटी मान्यतेच्या तपासणीसाठी समिती येणार असं ठरलं. नियम साधा होता : ट्रेड ठेवायचा तर चालू स्थितीतला ट्रॅक्टर हवा. समितीसमोर तो मैदानात चालला तर ट्रेड राहील. नाही चालला तर शेड सचिवांची.

तपासणी पोळ्यानंतर लगेच आली. आमच्याकडे बैल कमी झालेत. पुष्कळ घरांत पोळ्याला ट्रॅक्टरच धुऊन, रंगवून, हार घालून मिरवतात. शेडमधल्या पोरांनीही त्या वर्षी संस्थेचा ट्रॅक्टर सजवला होता. किसन तेव्हा अजून शिकत होता. त्याच्या घरची जोडी त्याच उन्हाळ्यात विकली गेली होती आणि शिंगांना लावायचा हिंगूळ घरात तसाच पडून होता. तो डबा घेऊन आला. चाकांच्या कडा, दिव्यांची कडी, जिथे म्हणून हात पोचला तिथे त्याने तो तांबडा रंग लावला. वर बेगडही चिकटवली. सर त्या दिवशी गावाकडे होते. परत आल्यावर त्यांनी ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "नवरदेव केला की बे त्येचा."

तपासणीच्या दिवशी सकाळी टाकी भरली. ट्रॅक्टर एका सेलला चालू झाला. किसनने तो शेडमधून काढला, मैदानाला फेऱ्या मारल्या, नांगराचा फाळ उचलून दाखवला, आणि समितीची गाडी फाटकातून आत येत असताना ट्रॅक्टर मैदानाच्या मधोमध गचके खात बंद पडला.

मी व्हरांड्यात होते. सचिव पुढे झाले. समितीतले एक वयस्कर अधिकारी छत्री घेऊन उतरले आणि ट्रॅक्टरकडे बघत उभे राहिले. किसनने सेल मारला. पुन्हा मारला.

"थांब बे!"

सर शेडच्या दारातून आले. सावकाश. ट्रॅक्टरपासून थोड्या अंतरावर थांबले आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

सचिव म्हणाले, "महानवर, बघत काय बसता? लावा हात! न्हाईतर पोरं लावून ढकला. साहेबांचा वेळ चाललाय."

"ढकलायचा न्हाई."

"मग तुम्ही तरी करा चालू!"

"म्या हात लावला तर ट्रॅक्टर चालू हुईल अण्णा. ट्रेड हुनार न्हाई."

सचिवांचा चेहरा उतरला, का लाल झाला, ते मला लांबून दिसलं नाही. अधिकाऱ्यांनी छत्री मिटली आणि खुर्ची मागवली. ते बसले. सर किसनकडे वळले.

"बंद कसा पडला?"

"गचके खात सर. गुदमरल्यावानी."

"धूर?"

"न्हाई. सेल मारल्यावर कायच न्हाई."

"मग?"

"डिझेल पोचत न्हाई."

"शेवटी कुटं दिसलं?"

किसनला घाम फुटला होता. त्याचा हात मुख्य पंपाकडे गेला, तिथेच थबकला आणि मागे आला.  किसनने फिल्टरच्या अलीकडची नळी सोडवली. दोन-चार थेंब आले आणि थांबले. त्याने दुसऱ्या पोराला फिल्टर बाजूला ठेवायला सांगितलं. फिल्टरपर्यंत डिझेल येतच नव्हतं, म्हणजे दोष फिल्टरच्या मागे, टाकीच्या बाजूला होता. टाकीखालची चावी पाहिली, उघडी होती. तिच्या पुढची नळी काढून त्याने तिच्यात फुंकर मारली. नळी मोकळी होती. ती परत बसवली, तरी पुन्हा दोनच थेंब.

"टाकी तर सकाळीच भरलीय," कुणीतरी म्हणालं.

"भरलीय, ह्ये तुला कसं कळलं? बघितलं का?" सरांचे हात अजून पाठीमागेच होते. पण ते पुढे झुकले होते, नळीच्या सुट्या टोकाजवळ.

किसन वर चढला आणि टाकीचं झाकण फिरवलं. फस्स करून हवा आत गेली. मैदानावर सगळ्यांना ऐकू गेली. त्याच क्षणी खालच्या सुट्या नळीतून डिझेलची धार सुटली आणि सरांच्या पांढऱ्या शर्टावर छातीपासून पोटापर्यंत उतरली.

कुणी हसलं नाही. किसन वर झाकण हातात घेऊन बसला होता. झाकणाला एक बारीक भोक असतं. डिझेल खाली जातं तशी त्यातून टाकीत हवा येते. ते भोक बंद झालं तर टाकी डिझेल धरून ठेवते. भोकावर हिंगूळ वाळला होता. तांबडा, जाड, चकचकीत.

"सर," किसन म्हणाला.  मग समितीकडे बघून तो मोठ्याने म्हणाला, "रंग म्याच लावलता. पोळ्याला."

सरांनी शर्टाकडे पाहिलं, मग किसनकडे.

"पोळ्याला बैलाच्या नाकात कुनी रंग भरतं का बे?"

आधी अधिकारी हसले. मग पोरं. मग किसनही, रडवेला असताना. मैदानाच्या कडेला बाभळ आहे. एकाने तिचा काटा मोडून आणला आणि किसनने त्या काट्याने भोक मोकळं केलं. नळ्या बसवल्या, स्क्रू सैल करून एअर काढली. सेल मारला. आधी पांढरा धूर आला, मग काळा, मग ट्रॅक्टर धडधडू लागला. सरांनी हात सोडले आणि शर्ट चिमटीत धरून अंगापासून लांब केला.

"घाई कुणी केली सर?" मी नंतर विचारलं.

"म्याच. लई जवळ जाऊन हुबा राह्यलो."

ट्रेड राहिला. अर्धी शेड मात्र सचिवांनी पत्रे ठोकून वेगळी केलीच. सरांनी पत्र्याच्या या बाजूला घोंगडं अंथरलं आणि पुढच्या तुकडीला स्वतःची फजिती सांगायला घेतली.

दुखणं त्यांनी बराच काळ अंगावर काढलं. अंबाजोगाईच्या दवाखान्यात मी त्यांना भेटायला गेले तेव्हा ते फार वाळले होते, पण उशीला टेकून बसलेले होते. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, पायाशी होत्या. तपासून गेलेल्या तरुण डॉक्टरांबद्दल सर खूश होते. "पोरगं चांगलं हाय. आल्या आल्या इचारलं, त्रास कसा सुरू झाला? एकदम का हळूहळू? म्या म्हनलं, बस. तुमच्या हातात दिलं समदं."

मग त्यांनी शेडचं विचारलं. मी सांगितलं, तुम्ही रजेवर गेल्यापासून सचिवांचा माणूस किल्लीसाठी फिरतोय. सरांनी वहिनींना खूण केली. त्यांनी पिशवीतून शर्ट काढला आणि खिशातली किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"माझ्याकडे? किसनला द्या ना."

"त्येला उद्या नोकरी मागायचीय. त्येच्याकडनं काढून घेतील." त्यांना दम लागला होता, थांबून थांबून बोलत होते. "तुमी मऊ बोलता म्याडम. पन वाचनालयाचं पुस्तक परत आल्याबिगर सोडलंय का कुनाला?"

"आणि मागितली तर काय सांगू?"

"खोटं कावून सांगायचं? हाय म्हनायचं. देत न्हाई म्हनायचं."

तेवढ्यात सलाइनचे थेंब थांबले. वहिनी घाबरून उठल्या. सरांची नजर बाटलीवर गेली, नळीवरून खाली हातापर्यंत आली, परत वर गेली. नर्स आली. वयाने लहान, घाईत. तिने नळीची चकती पाहिली, हातावरची सुई पाहिली, मग खिशातून एक सुई काढून उलट्या टांगलेल्या बाटलीच्या वरच्या अंगाला टोचली. थेंब पडू लागले.

सर तिच्याकडे बघत राहिले. "तुला कुनी शिकवलं, ताई?"

"काय?"

"झाकनाचं भोक."

तिला कळलं नाही. ती हसून पुढच्या खाटेकडे गेली.

मी निघाले. वॉर्डाच्या दारातून वळून पाहिलं तेव्हा थेंब पुन्हा अडखळत होते आणि वहिनी नर्सला हाक मारत होत्या. सरांनी सलाइनचा हात चादरीवर सरळ ठेवला होता. मोकळा हात मात्र त्यांनी हळूच उचलला, पाठीमागे नेला, आणि त्याच्यावर भार देऊन ते वर बघत पडून राहिले.